लवू मिस्त्रीचं नाक

साल चोपन्न. माझं वय एकोणीस, आणि रोज सकाळी आठ वाजता मी एका म्हाताऱ्याच्या नाकावर फुंकर मारत होतो.

मी एकटाच नाही. चिंचवड स्टेशनाच्या पलीकडे, रुळांना लागून, शेठचा खुर्च्या-टेबलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला सागवानाचे ओंडके आत जायचे, दुसऱ्या टोकाला साहेबलोकांच्या खुर्च्या बाहेर पडायच्या. तीसेक माणसं कामाला. ही तीसच्या तीस माणसं सकाळी दारात रांग लावायची आणि एकेक जण पुढं होऊन लवू मिस्त्रीच्या नाकावर फुंकायचा. त्यानं मान हलवली की आत. नाही हलवली की घरी.

लवू मिस्त्री पॉलिशवाला. गाव सावंतवाडीकडचं. वय साठीचं, अंगानं काटकी, डोक्यावर काळी टोपी, हातांची बोटं लाखेनं कायमची तांबडी. तेव्हा दारूबंदी होती. गावात मिळत नव्हती असं नाही, पण लपूनछपून. आणि आमच्या शेडमध्ये तर स्पिरिटचं अख्खं पिंप उभं, पॉलिशसाठी. त्याचा परवाना शेठनं चौकट करून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगला होता. त्या स्पिरिटात लाख विरघळवली की झालं पॉलिश. लाकडाला लावायची वस्तू. पण माणसं ती प्यायची. लाख खाली बसवून वरचं पाणी काढायची. कसं, ते मी लिहिणार नाही. मी तिसरीत शाळा सोडली, पण एवढी अक्कल मला आहे.

म्हणून ही फुंकाफुंकी.

"फुंक, मेल्या!" मिस्त्री म्हणायचा.

त्यातही त्याची तऱ्हा होती. माणसानं सूर्याकडं तोंड करूनच उभं राहायचं. शेडचं दार पूर्वेला. आठचं ऊन थेट तोंडावर यायचं. पावसाळ्यात ढग असले तर कंदील लावून तो माणसाच्या तोंडाशी धरायचा.

"मिस्त्री, वासाला उजेड कशाला लागतो?" मी एकदा विचारलं.

"उन्हान वास गरम होता," तो म्हणाला. "गरम झालो की वर येता. तुका काय कळता?"

मला काही कळत नाही असं कोणी म्हटलेलं मला तेव्हाही चालत नव्हतं, आजही चालत नाही. तिसरीत मास्तरांनी हेच म्हटलं होतं. मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो, तो परत शाळेची पायरी चढलो नाही. पण मिस्त्रीच्या हाताखाली मी घासाईला होतो. त्यानं पॉलिशचा हात मारायचा, मी काचकागदानं घासायचं, मग त्याचा पुढचा हात. असे वीस-पंचवीस हात. शेठ ओरडायचे, पिंपरीला नवीन कारखाने उभे राहतायत, साहेब लोक जमिनीवर बसणार आहेत का, हात उचला! मिस्त्री कापसाचा बोळा गोल गोल फिरवत म्हणायचा, "घाई कोणाक आसा? झाडाक नाय होती."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. जेवायला बोलवा, गाडी सुटतेय म्हणून सांगा, शेडला आग लागलीय म्हणून सांगा. घाई कोणाक आसा.

एकदा पिंपरीहून एक बडे साहेब आपल्या खुर्च्या बघायला आले. सूट, हॅट, तोंडात पाइप. शेठ कमरेत वाकून पुढं. दारात मिस्त्री आडवा.

"फुंक."

शेठला घाम फुटला. "अहो, ते आपलं गिऱ्हाईक आहेत!"

"मिया खंय नाय म्हणतंय? फुंकून येऊंदेत."

साहेब आधी बघत राहिले, मग मोठ्यानं हसले, पाइप काढला आणि फुंकले. मिस्त्रीनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. साहेब गेल्यावर शेठ म्हणाले, "लवू, तू मला एक दिवस विकून खाशील." मिस्त्री म्हणाला, "तुमी सकाळी फुंकूक नाय. फुंका."

आता एवढं नाक असलेला माणूस. पण त्या नाकाचा आम्हाला मेळ लागत नव्हता.

एकदा पॉलिशच्या खोलीत लाखेच्या पोत्यांमागं चिचुंद्री मरून पडली. तीन दिवस. आम्ही नाकाला फडकं बांधून खोलीत जायचो. मिस्त्री तिथंच मांडी घालून भाकरी खात होता. दुसऱ्यांदा, सरसाचं भांडं चुलीवर करपलं. जनावराच्या हाडांचा सरस, करपला की रेल्वेतली माणसं खिडक्या लावून घेतात. मिस्त्री शेजारी बसून आपला ढवळतोय.

किसनबुवा म्हणून आमच्यात एक सुतार होते, माळकरी. ते म्हणाले, "त्याचं नाक दारूपुरतंच हाय. सरकारी नाक."

पण ते दारूपुरतं तरी कुठं होतं? एका उन्हाळ्यात किसनबुवांचे डोळे आले. लालभडक, चिकटलेले. मिस्त्रीनं त्यांना फुंकायला लावलं आणि मान हलवलीच नाही.

"घरी जा."

"म्या?" किसनबुवांनी गळ्यातली माळ वर केली. "म्या कांदा खात न्हाई, लवू! दारू पिऊन आलो म्हनतोस?"

"घरी जा म्हटलां ना."

चार दिवस त्यांना परत पाठवलं. चौथ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. बाईनं पदर खोचून दारातच साक्ष दिली. "चाळीस वर्सं संसार केला ह्या मानसासंगं. दुसऱ्या लई खोडी हायत, हवं तर सांगते. पन दारू न्हाई!" सगळी शेड हसत होती. पाचव्या दिवशी डोळे निवळले आणि मिस्त्रीनं मान हलवली. म्हणे, आज वास नाय.

आणि त्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ बिनबोभाट आत गेला. त्याच्या तोंडाचा वास मला चार माणसं सोडून येत होता.

आता हे लिहायलाच हवं. सखादादा खरादावर काम करायचा. खुर्चीचे पाय, टेबलाचे पाय, सगळं गोल काम त्याचं. चारही पाय डोळ्यांनीच मापायचा, फूटपट्टी लावायचा नाही, आणि केसाचा फरक पडायचा नाही. तो प्यायचा. नदीकाठी कोणी गाळायचं, तिथं रविवारी जायचा. का प्यायचा ते मी विचारलं नाही. थोरल्या भावाला विचारायची पद्धत नव्हती. वहिनी एकदा मला म्हणाली होती, "भावजी, तुमी त्येंच्यासंगं कामाला असता म्हनून मला झोप लागते. ते स्पिरिटाचं तेवढं सांभाळा. बाकीचं माजं म्या बगून घेईन." मी म्हणालो, आमच्या घराण्यातला माणूस असली वस्तू तोंडाला लावणार नाही. गावठाणात आमच्या घराला मान होता. पोकळ का होईना, होता.

मिस्त्रीची आणखी एक तऱ्हा होती. रोज सकाळी तो त्या दिवसापुरतंच पॉलिश करायचा, आणि संध्याकाळी जे उरेल ते जाळायचा. शेडमागं पत्र्याच्या एका झाकणात ओतायचा, काडी लावायचा आणि ते विझेपर्यंत समोर उकिडवा बसायचा. निळी ज्योत. ऐन दिवेलागणीला. आम्ही त्याला मिस्त्रीची सांजवात म्हणायचो. विझल्यावर झाकणात लाखेची काळी वडी उरायची, तळहाताएवढी. ती तो दुसऱ्या दिवशी सकाळी पटाशीनं खरवडून टाकायचा. चांगला माल रोज जाळतो म्हणून शेठ कपाळाला हात लावायचे. मलाही ते पटत नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मिरवायला आवडतं.

चैत्रातला एक शनिवार. मिस्त्रीला परवान्याच्या कामाला पुण्याला जायचं होतं. दुपारीच त्यानं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. पॉलिश अर्धं डबडं उरलं होतं.

"दिवेलागणीक जाळ," तो म्हणाला. "सगळां. इझापर्यंत समोर बस."

"बसतो की."

"रे, समोर बस हां. पाठ करू नको."

मी ते जाळलं नाही.

सोमवारी पिंपरीच्या साठ खुर्च्या पॉलिशला घ्यायच्या होत्या. अर्धं डबडं तयार माल जाळायचा आणि सोमवारी नवा बनवायचा, ह्यात कसली अक्कल? मी ठरवलं, ठेवायचं, आणि सोमवारी शेठच्या देखत काढून दाखवायचं. म्हणजे कोणाला काय कळतं ते दिसेल. चार माणसं बघतील म्हणून झाकणात चमचाभर ओतून पेटवलं, ते लगेच विझलं. बाकीचं बाटलीत भरून पोत्यांमागं ठेवलं, कुलूप लावलं, आणि किल्ली घरी नेऊन खुंटीला अडकवली.

त्याच घरात दादा राहत होता.

सोमवारी सकाळी रांगेत दादा माझ्यापुढं होता. वहिनीनं सांगितलं होतं, काल रात्रीपासून पोटात कळा येतायत, ओकले, तरी निघाले. मला वाटलं, नदीकाठचंच. दारात मिस्त्री उभा. पिंपरीला जायची टेबलं भरून लॉरी फाटकात उभी होती. ऊन थेट तोंडावर.

"फुंक, मेल्या."

दादा फुंकला. मिस्त्रीनं मान हलवली नाही. त्यानं दादाची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडं वळवलं, आणि बघत राहिला.

"काय, लगीन जुळवतोस का काय माजं?" दादा म्हणाला. रांग हसली.

"तुका दिसता कसां?"

"दिसतंय की." दादानं डोळे चोळले. "आज धुकं लई पडलंय, येवढंच."

रांग पुन्हा हसली. चैत्राच्या उन्हात पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि हा म्हणतो धुकं.

मिस्त्री हसला नाही. त्याचं तोंड कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. त्यानं दादाचा दंड पकडला आणि लॉरीकडं ओढत ओरडायला लागला. "टेबलां काढा! गाडी खाली करा! पुण्याक नेवक व्हया ह्याका! पॉलिश प्यालोहा हो! घाई करा रे!"

घाई करा. हा शब्द त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला, आणि एकालाही तो ऐकू आला नाही.

मला ऐकू आलं ते दुसरंच. चारचौघांत, आमच्याच गावात, माझ्या भावाला हा परगावचा म्हातारा पॉलिश पिणारा म्हणतोय. मी मिस्त्रीच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ढकलला. तो खुर्च्यांच्या ढिगावर पडला. टोपी लांब गेली. "पुन्हा माझ्या भावाचं नाव घेशील तर बघ," म्हणालो, आणि दादाला हाताला धरून घरी नेला. वाटेत दादाला दगडाची ठेच लागली. दोनदा लागली. मी म्हणालो, नीट चाल.

मिस्त्री दहा वाजता आमच्या दाराशी आला. मी कडी लावून घेतली. बारा वाजता पुन्हा आला. बाहेरून म्हणाला, "मारत्या, माका मार, पण दार उघड." वहिनी माझ्याकडं बघत होती. मी उठलो नाही.

तीनच्या सुमाराला दादा अंथरुणावर उठून बसला. दारातून ऊन आत आलं होतं, त्याच्या पायांवर पडलं होतं.

"मारत्या," दादा म्हणाला, "अंधारात काय बसलायसा समदी? दिवा लाव की."

मी कडी काढली. मिस्त्री पायरीवरच बसला होता. तो उठून सरळ दादाच्या अंथरुणाकडं गेला. वेशीपाशी लॉरी उभी होती. त्यानं आणि किसनबुवांनी मिळून टेबलं सकाळीच रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवली होती. पुण्यापर्यंत मिस्त्री मागच्या फळीवर उभा राहून डायव्हरच्या टपावर मुठी आपटत होता.

दादा जगला. डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणला असता तर काही करता आलं असतं, निदान प्रयत्न तरी केला असता. एवढंच म्हणाले. पण ते मला म्हणाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर मी आणि मिस्त्री बसलो. बाक सागवानी होता, पॉलिश खराब मारलेलं. मिस्त्री त्यावरून बोट फिरवत होता.

"मिस्त्री, तुला वास आला कसा?" मी विचारलं. "मला नाही आला."

"वास?" तो म्हणाला. "माजां नाक जावन धा वर्सां झाली. स्पिरिटान खाल्लां. मासळी आणि माती, माका सगळां एकच."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. चिचुंद्री. करपलेला सरस. किसनबुवांचे डोळे.

"मग फुंकायला कशाला लावतोस?"

"डोळ्यांत बघूक दे म्हटलां तर कोण देतलो?" तो म्हणाला. "फुंक म्हटलां की माणसां हसतत. हसताना उभी रवतत. तेवढ्यात बघून घेवचां. उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होवक व्हयी. नाय झाली तर..."

त्याचं बोट बाकाच्या कडेपर्यंत गेलं. मग म्हणाला, "माजो झील. गजा. तुज्याच वयाचो. माज्याच हाताखाली होतो. एक दिस सकाळी म्हणालो, बाबा, आज धुकां पडलांहा. मिया म्हटलंय, पडांदे. कामाक लाग. बोळो दिलंय हातात. दिसभर हात मारल्यान पोरान. चाचपून चाचपून. कपाटाक असां पॉलिश आलां, काय सांगू तुका. माका वाटलां, आज शिकलो." त्यानं बाकावरचं बोट उचललं. "तिसऱ्या दिसाक गेलो."

मी शनिवारचं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दवाखान्याच्या चौकीतला हवालदार वही घेऊन आला. स्पिरिट कुणाचं, किल्ली कुणाकडं, विचारायला लागला.

"किल्ली माज्याकडे," मिस्त्री म्हणाला. "शनवारी उरलेलां जाळूक इसारलंय. कुलूप लावूक पण इसारलंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं, सोमवारी सकाळी दार उघडायच्या आधी तो शेडमागं झाकण खरवडायला गेला असणार. रोज जायचा. त्यात तळहाताएवढी वडी हवी होती. हरभऱ्याएवढी होती. मी माल जाळला नाही हे दादा रांगेत यायच्या आधीच त्याला कळलं होतं. मी ढकलला तेव्हाही. दोनदा कडी लावली तेव्हाही.

हवालदार त्याला चौकीकडं घेऊन निघाला. जाताना मिस्त्रीनं आपली टोपी मला धरायला दिली, चौकीत काढावीच लागते म्हणून. आणि मी, ज्याला कोणी एक शब्द बोललेलं खपत नाही असा मी, त्या बाकावर टोपी हातात धरून गप्प बसलो. आयुष्यात तेवढा एकदाच गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून पुरतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं चिंचवडला उतरलो आणि तसाच कारखान्यावर गेलो. आठ वाजले होते. शेडच्या दारात सगळी माणसं रांगेनं उभी होती, सूर्याकडं तोंड करून. दारात कोणीच नव्हतं. कोणी अडवत नव्हतं, तरी एकही आत गेला नव्हता. शेठ बाजूला उभे होते, त्यांनाही काय करावं कळत नव्हतं.

मी दारात जाऊन उभा राहिलो.

"बाटली मिस्त्रीनं ठेवली नव्हती," मी म्हणालो. "मी ठेवली होती. किल्लीही माझ्याच घरात होती. शेठ, माझ्याबरोबर पुण्याला चला, हवालदाराला सांगायचंय."

रुळांवरून एक मालगाडी गेली, ती जाईपर्यंत सगळे तसेच उभे होते.

"पण त्याआधी," मी म्हणालो, "फुंका."

पहिले किसनबुवा होते. ते माझ्यापुढं आले, माझ्या हातातल्या टोपीकडं बघितलं, आणि फुंकले. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. उन्हात बाहुली हळूहळू बारीक झाली.

"जा आत," मी म्हणालो.